अमडापूरचा तुंबा, टीव्हीतलं यान

मित्रांनो, मी एक जुना तुंबा आहे आणि मी चंद्राच्या पलीकडे जाऊन आलो आहे. हसा, हसून घ्या. सगळेच हसतात. हसण्याचं मला आता काही वाटत नाही. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो ओकून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुंबा म्हणजे काय, हे तुमच्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे देव जाणे. कडू भोपळा वेलावरच पिकू द्यायचा, वाळवायचा, आतला गर आणि बिया काढून पोकळ करायचा, की झाला तुंबा. आमच्याकडे बुलढाणा जिल्ह्यात पोरं तो पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकायची. माझा जन्म अमडापूरचा. सत्यभामाबाईंच्या भाजीच्या मळ्यात, वांग्यांच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यांपलीकडे बांधाला माझा वेल होता. माझे सगळे भाऊबंद विहिरीत गेले. मी मुंबईला गेलो.

त्याचं कारण सत्यभामाबाईंचा मुलगा, अर्जुनराव. ते परळच्या एका लहानशा स्टुडिओत देखावे रंगवायचे. हा स्टुडिओ टीव्हीसाठी कार्यक्रम तयार करून द्यायचा. साल अठ्ठ्याहत्तरच्या आसपासचं. लहान मुलांसाठी अंतराळप्रवासाची मालिका करायची ठरली आणि तिला एक यान हवं होतं. आता यान काय बाजारात मिळतं? अर्जुनराव सुट्टीत गावी आले होते. त्यांनी मला बांधावरून उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "माय, हा मी मुंबईले नेतो."

"कायले? समुद्रात पोहाले जातं काय?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"वर नेतो याले. चंद्राच्याही वर."

"ने बाप्पा," त्या म्हणाल्या, "पण परत आणजो."

स्टुडिओत गेल्यावर अर्जुनरावांनी मला लगेच हात लावला नाही. आधी कागदावर काढलं. पुढून, मागून, खालून, उतरताना, वळताना. ज्या ग्रहावर मी उतरणार होतो त्याची तर मोठाल्या पुठ्ठ्यांवर चित्रं काढली. तो ग्रह कुठला होता माहीत आहे? आपलं लोणार! शाळेच्या सहलीत पाहिलेलं ते भलंमोठं विवर त्यांच्या डोक्यात बसलेलं होतं. त्यातलं पाणी त्यांनी काढून टाकलं, काठावरची झाडं आणि देवळं पुसली, वर आभाळात दोन चंद्र टांगले, आणि मुंबईच्या लोकांना तो परका ग्रह म्हणून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. ती चित्रं मी पाहिली आहेत. पुन्हा तशी होणार नाहीत.

मग माझ्यावर चिंचोक्याच्या खळीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या चढल्या. सायकलच्या घंटीच्या वाट्यांची इंजिनं झाली, पत्र्याच्या डब्यांच्या झाकणांच्या खिडक्या झाल्या, आणि सदऱ्याची बटणं ओळीने बसवून पत्रे जोडल्याचे खिळे दाखवले. आणि शेवटी रंग. या रंगापायीच पुढचं सगळं रामायण घडलं, तेव्हा इथे जरा कान देऊन ऐका.

तेव्हाचा टीव्ही काळा-पांढरा होता. स्टुडिओतला कॅमेरा मोठा नखरेल. पांढरं किंवा चमकणारं काही समोर आलं की त्याचे डोळे दिपायचे आणि पडद्यावर नुसता उजेडाचा डाग उमटायचा. म्हणजे चांदीचं यान दाखवायचं असेल तर त्याला चांदीचा रंग मुळीच चालायचा नाही! मग काय करायचं? अर्जुनराव माझ्या अंगावर एक पट्टा रंगवायचे आणि कॅमेरा चालवणारे वामनराव तो पडद्यावर बघायचे. "अजून जरा हिरव्याकडे घे, अर्जुन," ते म्हणायचे. "हं. आता फार झालं." असं करत करत माझं अंग पिवळट हिरवं झालं, सांधे गेरूचे झाले आणि सावलीच्या जागी मळकट निळा आला. उघड्या डोळ्यांना मी कावीळ झाल्यासारखा दिसायचो. कॅमेऱ्यासमोर गेलो की तोच हिरवा चांदीसारखा उजळायचा, गेरूच्या रेघा खोल फटी व्हायच्या, आणि गुळगुळीत भोपळ्यावर पत्र्यावर पत्रा चढवल्यासारखा दिसायचा. ही खरी कारागिरी. नुसते शोभेचे रंग नव्हते ते, मित्रांनो. पडद्यावर काय दिसेल याचा तो हिशेब होता.

माझे कामाचे दिवस झकास गेले. काळ्या कापडाला भोकं पाडून मागे दिवे लावले की माझं आभाळ तयार व्हायचं. काळ्या दोऱ्याने मला टांगायचे आणि हळूहळू ओढायचे. शेपटीत कापराची वडी पेटवायचे, ती माझी आग. एकदा कापूर भडकला आणि माझी शेपटीच पेटली. अर्जुनरावांनी धावत येऊन ओलं फडकं टाकलं म्हणून वाचलो. पण पुढच्या भागात लिहिणाऱ्याने शहाणपणा केला. यान उल्कांच्या वादळातून आलं असं दाखवलं, आणि माझा जळका डाग तसाच ठेवला. अर्जुनरावांनी त्याच्याभोवती बारीक तडे काढले. पहिलवानाला त्याच्या मोडक्या कानाचा असतो ना, तसा मला त्या डागाचा अभिमान होता. मुंबई-पुण्याची पोरं म्हणे माझ्यासाठी जेवण टाकून टीव्हीपुढे बसायची.

मालिका संपली. आणि मग जे झालं ते सांगताना अजून माझं अंग तापतं. ज्या टेपांवर आमचे भाग होते, त्या परदेशातून यायच्या, लवकर मिळायच्या नाहीत. मग जुन्या टेपेवरचं पुसायचं आणि नवं भरायचं, असा रिवाज होता. आमच्या टेपांवर कांद्यावरच्या किडीचा कार्यक्रम भरला. कांद्याशी माझं वैर नाही, मी मळ्यातलाच आहे. पण माझं सगळं उड्डाण, दोन चंद्र, उल्कांचं वादळ, सगळं त्या किडीखाली गेलं! कुणी एकदा तरी विचारावं, "हे ठेवू या का?" कुणी विचारलं नाही. लोणारची चित्रं होती, त्यांच्या पाठीवर कुठल्याशा नाटकाचा राजवाडा रंगवला आणि खिडक्या पाडायला ती कात्रीने कापली. काय बोलावं! कपाळ!

रंगीत टीव्ही येणार म्हणून स्टुडिओने जुनं सामान बाहेर काढलं, तेव्हा अर्जुनरावांनी मला गोणपाटात गुंडाळलं आणि ते काम सोडून गावी आले. माझं अख्ख्या जगात जे काही उरलं होतं ते म्हणजे मी स्वतः.

घरी आल्यावर सत्यभामाबाईंनी गोणपाट सोडलं आणि नाकाला पदर लावला. "अर्जुना, हा असा पिवळाहिरवा काऊन बे? सडला काय?"

अर्जुनराव प्रवासाने दमलेले होते, मनाने त्याहून जास्त. "टीव्हीत असाच लागते, माय," एवढंच म्हणाले आणि पाय धुवायला निघून गेले. मला फळीवर ठेवण्यात आलं. माझ्या इंजिनात कुणी लसूण ठेवला, खिडकीत चिमणीने काड्या आणल्या. अर्जुनराव पुन्हा वांगी आणि मेथीत गुंतले.

तोवर गावात कुणी टीव्ही पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे अर्जुनरावांनी मुंबईत नेमकं काय केलं ते कुणाला कळेना. पंच्याऐंशीत पुंजाजींच्या घरी गावातला पहिला टीव्ही आला आणि त्या दिवसापासून सत्यभामाबाई संध्याकाळी सगळ्यांच्या आधी तिथे जाऊन बसू लागल्या. बातम्या बघायच्या, शेतीचं बघायच्या, गाणी बघायच्या.

"काय वं काकू," पुंजाजी डोळे मिचकावून विचारायचे, "आज येते काय तुह्या पोराचं ते उडतं इमान?"

"येईन, येईन. टीव्हीवाल्याले घाई हाय काय?" त्या म्हणायच्या.

अर्जुनरावांनी एकदा सांगून पाहिलं. "माय, ते पुसलं. आता येत नाही ते."

"पुसलं? टीव्ही का पाटी हाय पुसाले?" त्या चिडून म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. म्हातारीला दुसरं काही नको होतं. आपल्या लेकाने इतकी वर्षं लांब राहून काय केलं, ते एकदा आपल्या डोळ्यांनी पाहायचं होतं. बस, एवढंच.

आणि ते जमेल असं झालंही! वामनराव निवृत्त झाले होते. स्टुडिओ बंद पडताना त्यांनी तो जुना काळा-पांढरा कॅमेरा आपल्याकडे मागून घेतला होता. टीव्हीच्या जुन्या वस्तू जमवून एका खोलीत मांडायच्या, म्हणजे हे सगळं कसं करायचे ते पुढच्या पोरांना कळेल, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यांचा निरोप आला, "ऋषिपंचमीला शेगावला महाराजांच्या दर्शनाला येतो आहे, तिथून कॅमेरा आणि छोटा टीव्ही घेऊन अमडापूरला येईन, आईंना यान पडद्यावर दाखवीन आणि मग ते माझ्या खोलीसाठी घेऊन जाईन." अर्जुनराव कित्येक महिन्यांनी हसले. त्यांनी मला फळीवरून उतरवलं, लसूण काढला, चिमणीच्या काड्या काढल्या, आणि मडकं ठेवायच्या चुंबळीवर ओसरीत बसवलं. सकाळी ते वामनरावांना आणायला शेगावच्या बसने गेले.

आता ऐका. ऋषिपंचमी म्हणजे पोळ्यानंतरचे दिवस. बैलांच्या शिंगांना लावलेला चंदेरी रंग डब्यात उरलेला असतो, बेगडाच्या पट्ट्या उरलेल्या असतात. सत्यभामाबाईंनी सडा घातला, रांगोळी काढली आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली. हिरवापिवळा, शेपटीला जळका. त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी पुतण्याला हाक मारली. इंद्रभान त्याचं नाव. शिंगं रंगवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही.

"इंद्रभान, पाहुणे येऊन राह्यले मुंबईचे. हे असं पुढं ठेवू काय त्याईच्या? तुह्या दादाची काय इज्जत राहीन?"

"थांब मोठे माय," इंद्रभान म्हणाला, "असं चमकवतो का पोळ्यातला बैल लाजला पाहिजे."

नको! अरे नको! मी आतून ओरडत होतो, पण तुंब्याचं ऐकतो कोण? त्याने काचकागद घेतला आणि पहिल्यांदा काय घासलं असेल, तर माझा जळका डाग! तडे गेले. गेरूच्या रेघा गेल्या. मग ब्रश. जाडजूड, चकचकीत, तेलकट चंदेरी रंग, नाकापासून शेपटीपर्यंत. खिडक्यांना बेगड. इंजिनांना लाल गोंडे, हो, गोंडे! आणि सांगू का, त्याने इतकं मन लावून केलं, एक ओघळ येऊ दिला नाही, की मला त्याला धड शिव्याही देता येईनात. सत्यभामाबाई शेजारी बसून मला पदराने वारा घालत होत्या. रंग सुकल्यावर त्यांनी मला कुंकू लावलं. त्यांच्या डोळ्यांत इतकं कौतुक होतं की माझा राग कुठे ठेवावा तेच मला समजेना.

दुपारी बस आली. अर्जुनराव पुढे, मागे कॅमेऱ्याची पेटी घेऊन वामनराव. अर्जुनराव दारातच थांबले.

"कसं काय दादा?" इंद्रभान छाती काढून म्हणाला. "वळखलं नाही ना?"

"नाही बे," अर्जुनराव म्हणाले. "वळखलं नाही."

वामनरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे पाहिलं, आणि पेटी उघडली. पुंजाजी आले, शेजारपाजारचे आले, ओसरी भरली. वायरी जोडल्या. छोटा टीव्ही पाटावर ठेवला आणि त्याच्यासमोर अगदी जवळ सत्यभामाबाईंना बसवलं. कॅमेरा माझ्याकडे वळला.

पडद्यावर एक पांढरा डाग आला. वामनरावांनी हे फिरवलं, ते फिरवलं. डाग लहान झाला, मोठा झाला, पण डागच राहिला.

"हे काय हाय?" सत्यभामाबाईंनी विचारलं. "लोटा हाय काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. अर्जुनराव खाली बघत होते. म्हातारी पडद्याकडे बघत फार हळू म्हणाली, "येवढ्यासाठी तू इतके वर्षं मुंबईले होता, अर्जुना?"

मित्रांनो, उल्कांच्या वादळात, खऱ्या आगीत, मला जे झालं नव्हतं, ते त्या एका वाक्याने झालं. अर्जुनराव खोटं बोलणार हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं. "हाव माय, असंच होतं," असं म्हणून ते विषय मिटवणार होते. त्यांनी तोंड उघडलंही होतं.

पण वामनराव पुढे झाले आणि त्यांनी मला चुंबळीवरून उचलून उलटं केलं. रंग ओला असताना इंद्रभानने मला हलवलं नव्हतं. चुंबळीखाली झाकलेला माझ्या पोटाचा तळहाताएवढा तुकडा तसाच राहिला होता. पिवळट हिरवा, गेरूच्या रेघांचा. वामनरावांनी दिवा एका बाजूने आणला, बाकीच्या चमकत्या अंगावर काळं फडकं टाकलं आणि कॅमेरा त्या तुकड्याजवळ नेला.

पडद्यावर चांदीचा पत्रा होता. पत्र्यावर पत्रा चढलेला, खोल सांधे, खिळ्यांची ओळ, आणि कडेला कुठल्यातरी परक्या सूर्याची सावली. वामनरावांनी मला हळूच सरकवलं आणि ते पोलादाचं प्रचंड पोट अंधारातून पुढे सरकलं. पुंजाजी बसल्या जागी मागे झाले.

सत्यभामाबाई उठल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, मग परत पडद्याकडे. बोट लावून पाहिलं. "हे पिवळं... हे तेच हाय काय?"

"हाव, माय."

"आन् सारंच असं होतं? वरून, मांगून, सारं?"

"हाव."

त्यांनी इंद्रभानकडे वळून म्हटलं, "पूस. आताच्या आता पूस रे बाबा." इंद्रभान रॉकेलचा डबा आणायला धावणारच होता, पण वामनरावांनी त्याला अडवलं. "नका, आई. रॉकेलने चंदेरी निघेल, पण खालचा रंग नुसता खळीतला आहे. त्याच्याबरोबर तोही निघेल. आता आहे ते असंच राहू दे." इंद्रभान मटकन खाली बसला. "मले काय मालूम हो," तो म्हणत राहिला. "मले काय मालूम."

सत्यभामाबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. लेकासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मले सांगतलं काऊन नाही? मी तं इचारलं होतं."

अर्जुनरावांनी बांधलं, रंगवलं, वाचवलं, गोणपाटात गुंडाळून घरी आणलं, सगळं केलं, आणि ज्या घरात मला ठेवलं त्या घराला मी काय आहे ते सांगितलंच नाही. म्हातारीने त्यांना पाटावर बसवलं. "आता सांग," त्या म्हणाल्या. "हे हिरवं काऊन? हे लाल काऊन?" आणि ते सांगू लागले. चहा थंड झाला, वामनरावांची बस चुकली, पण म्हातारी एकेका रेघेवर बोट ठेवून विचारत राहिली. तळहाताएवढंच होतं. शेवटी संपलं.

आता मी वामनरावांच्या खोलीत आहे. पोटाचा तो उरलेला तुकडा दिसावा म्हणून माझ्याखाली आरसा ठेवलाय. पोरं येतात, वरची चांदी बघून "वा!" म्हणतात आणि पुढे जातात. खाली वाकून आरशात बघणारं एखादंच. काय करावं, सांगा.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, देवळाच्या कोठीत असं काही जुनं असेल, तुम्हाला ते कुरूप वाटत असेल, तर त्याच्यावर प्रेम करायच्या आधी जरा दम धरा. ते तसं का आहे, हे ज्याने केलं त्याला विचारा. तो नसेल तर हात लावू नका. धूळ झटका, उंदरापासून राखा, पण ब्रश खाली ठेवा. माझं वाटोळं चोरांनी केलं नाही, शत्रूंनी केलं नाही. पुसणाऱ्याने पुसलं ते कामाच्या रिवाजापायी, आणि रंगवणाऱ्याने रंगवलं ते मायेपोटी. आणि ज्यांना ठाऊक असतं, त्यांनाही माझं सांगणं आहे. तुम्ही कितीही दमलेले असा, वैतागलेले असा, कुणी विचारलं की सांगा. "टीव्हीत असाच लागते" म्हणून पाय धुवायला जाऊ नका. सत्यभामाबाईंनी विचारलं होतं हो. एका वाक्याचं काम होतं.